गोपनीय अहवाल कुणापासून गोपनीय? बीडच्या नोकरदारांच्या कागदांचा इतिहास

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. अडखळलेली आणि दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट एका लोखंडी कपाटापासून सुरू करतो.

माझे एक चुलते बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, का सांगत नाही ते पुढे तुमच्या लक्षात येईलच. त्यांच्या साहेबांच्या खुर्चीमागे एक हिरवं कपाट होतं. त्याची किल्ली साहेबांच्या खिशात. त्या कपाटात सगळ्यांचे सीआर असायचे. सीआर म्हणजे कॉन्फिडेन्शिअल रिपोर्ट, शुद्ध सरकारी मराठीत ‘गोपनीय अहवाल’. दर वर्षी मार्च संपला की साहेब प्रत्येकाबद्दल लिहायचे. हुशारी किती, सचोटी कशी, हाताखालच्यांशी वागणूक कशी, आणि शेवटी एक प्रत. अ+, अ, ब+, ब, ब-. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखंच, फरक एवढाच की हे प्रगतिपुस्तक पोराच्या हातात कधी द्यायचं नाही. काका म्हणायचे, “माझी पत्रिका त्या कपाटात आहे, पण ज्योतिषी दाखवत नाही.”

तर आजचा प्रश्न हा की सरकारी नोकराबद्दलचा कागद कुणी बघायचा? नोकरीचा वाद झाला, बढती अडली, निलंबन झालं, रजा नाकारली, बदलीवरून भांडण झालं, की माणसाचं सगळं घर कागदावर येतं. आजार येतो, नवरा-बायकोचं येतं, जात येते, जन्मतारीख येते. हे कागद कोण हाताळतं आणि कसं, याचा इतिहास बीडसारख्या जिल्ह्यातून फार स्वच्छ दिसतो. कारण बीडनं तीन राज्यं पाहिली. निजामाचं हैदराबाद, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. आणि प्रत्येक राज्यानं नोकराला नवा कागद मागितला.

सुरुवात निजामाच्या काळापासून करू. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी पाहिजे तर ‘मुल्की’ असावं लागायचं. मुल्की म्हणजे इथला. संस्थानात जन्म नसेल तर किमान 15 वर्षांचं वास्तव्य दाखवा, असा नियम होता. म्हणजे बघा, नोकरीच्या दारातच पहिला कागद तुमच्या बापजाद्यांच्या घराविषयीचा. दफ्तर उर्दूत. बीडच्या जुन्या मंडळींच्या घरात आजही पेटीच्या तळाशी एखादा उर्दू सनदेचा कागद निघतो आणि घरात तो वाचणारं कुणी नसतं.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आता गंमत अशी की जमीन एका दिवसात सरकते, माणसाची ज्येष्ठता सरकत नाही. हैदराबादचा कारकून आणि मुंबईचा कारकून, दोघं एका यादीत कसे बसवायचे? कुठलं पद कुठल्या पदाच्या बरोबरीचं? राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमाखाली हे काम चाललं आणि ज्येष्ठतेच्या यादीवरची भांडणं त्यानंतर वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळली. त्या यादीत नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख हे सगळं उघड असायचं. असायलाच पाहिजे, कारण माझ्या वरती कोण आणि का, हे कळल्याशिवाय मी हरकत घेणार कशी? हा मुद्दा लक्षात ठेवा. काही कागद उघडे असतात ते न्यायासाठी.

जन्मतारखेवरून आठवलं. तुमच्या घरातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांचे वाढदिवस बघा. निम्म्यांचा 1 जून! ती काही चमत्कारिक वर्षं नव्हती. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, केव्हाचा? आजी सांगायची, दुष्काळाच्या आदल्या पोळ्याचा. गुरुजी 1 जून लिहून मोकळे. तीच तारीख पुढे सेवापुस्तकात गेली आणि तीच तारीख निवृत्तीचा दिवस ठरवू लागली. मग चाळिशीत माणसाला जाग यायची की आपण खरे दोन वर्षांनी लहान आहोत. त्यावर 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियमांत 38 वा नियम आहे. तारीख बदलायची तर नोकरीत लागल्यापासून 5 वर्षांच्या आत अर्ज करा. एरवी वाद घालायचा तर कोतवाल बुकातली नोंद आणा, थोरल्या भावाचा दाखला आणा, आईच्या बाळंतपणांचा क्रम सांगा. एका कारकुनाच्या दोन वर्षांसाठी सगळ्या भावंडांचे जन्म फायलीत येऊन बसायचे. भावंडांना कुणी विचारलेलं नसायचं.

जात पडताळणीचं याहून अवघड. आदिवासी विकास विभागाशी संबंधित कुमारी माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2 सप्टेंबर 1994 ला पडताळणी समित्यांची रीत घालून दिली. दक्षता पथकानं घरी जायचं, नातेवाइकांना, गावकऱ्यांना विचारायचं. लग्नाची रीत कशी, मयताची कशी, देवदेवस्की कुठली. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लाटणारे होते, म्हणून ही तपासणी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण नोकरी टिकवण्यासाठी आपली कुलदेवता आणि आपल्या बापाच्या तेराव्याची रीत अधिकाऱ्याला लिहून द्यावी लागते, हेही खरंच आहे ना. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की ही चालीरीतींची कसोटी म्हणजे काही लिटमस पेपर नव्हे. हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळा भाग करू. परत कपाटाकडे येतो.

गोपनीय अहवाल नेमका कुणापासून गोपनीय होता? शेजाऱ्यापासून? वर्तमानपत्रापासून? छे. तो मुख्यतः ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापासूनच गोपनीय होता. टेबलावरच्या शिपायाला माहीत असायचं काय लिहिलंय, टाइप करणाऱ्याला माहीत असायचं. ज्याचं नशीब त्यात आहे त्यालाच तेवढं माहीत नसायचं. अगदीच वाईट शेरा असेल तर तो कळवायचा, असा नियम होता. 1979 साली गुरदयालसिंग फिज्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की न कळवलेला प्रतिकूल शेरा पुढे करून बढती अडवता येणार नाही. पण अडचण ‘वाईट’ शेऱ्याची नव्हतीच. अडचण ‘चांगला’ची होती!

सांगतो कशी ती. महाराष्ट्राच्या प्रतवारीत ब म्हणजे ‘चांगला’ आणि ब+ म्हणजे ‘निश्चित चांगला’. आमच्या काकांना सलग तीन वर्षं ब. घरात कुणी चांगला म्हटलं तर आपण खूश होतो. सरकारात चांगला म्हणजे जेमतेम. बढतीच्या बैठकीत ब+ वाल्यांची नावं पुढे सरकली, काका राहिले. आणि ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो कळवायची गरज नाही! ही मेख दिल्लीतही लक्षात आली ती देव दत्त नावाच्या सीमा रस्ते संघटनेतल्या अभियंत्याच्या खटल्यात. बढतीसाठी ‘खूप चांगला’ हवा होता, त्यांच्या अहवालात एका वर्षी नुसता ‘चांगला’ होता, तो त्यांना कळवलाच नव्हता. 12 मे 2008 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. 2013 साली तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हेच पुन्हा पक्कं केलं.

म्हणजे 2008 साली कपाट उघडलं. पण त्याआधी तीन वर्षं दुसऱ्याच बाजूनं एक खिडकी उघडली होती.

माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी आला होता. मग केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा, अर्ज द्या, पानाला दोन रुपये भरा, 30 दिवसांत कागद हातात. बीड जिल्ह्यात या कायद्याचा वापर कसा झाला हे बीडकरांना मी काय सांगू! रस्त्याची मोजमाप पुस्तिका, रोजगार हमीचे हजेरीपट, रेशनचा कोटा, सगळं लोकांनी मागून काढलं. पण त्याच दहा रुपयांत माणूस आपल्या साहेबाची, वर्गमित्राची, भाऊबंदाची चौकशीची फाइलही मागू लागला. शेतीच्या बांधाचं भांडण माहिती अर्जात शिरलं. हे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होतं का? होतं. कायद्यात कलम 8(1)(ज) होतं. वैयक्तिक माहिती, जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे माणसाच्या खासगीपणावर नाहक घाला येईल, ती देऊ नये; मात्र व्यापक सार्वजनिक हित असेल तर द्यावी. शिवाय कलम 11 होतं. ज्याची माहिती आहे त्या तिसऱ्या माणसाला पाच दिवसांत नोटीस द्या आणि त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस द्या. आणि कलम 10, जे मला सगळ्यात शहाणं वाटतं. एका कागदात देण्याजोगं आणि न देण्याजोगं दोन्ही असेल तर न देण्याजोगं झाका आणि उरलेलं द्या. म्हणजे काळी शाई वापरा. आमच्या कचेऱ्यांत शिक्के मारायची शाई भरपूर, झाकायची शाई कुणी वापरताना मी पाहिलेली नाही. एकतर पूर्ण फाइल, नाहीतर पूर्ण नकार.

या प्रश्नावर देशाला लागू होणारा निकाल गेला तो आपल्याच राज्यातून, अकोल्यातून. तिथल्या भविष्य निर्वाह निधीच्या उपप्रादेशिक कार्यालयात एक अंमलबजावणी अधिकारी होते. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी 2008 साली त्यांच्याबद्दल अर्ज केला. नेमणुकीचे आदेश द्या, पगार सांगा, मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा, मालमत्ता, आयकराची विवरणपत्रं, आणि हो, मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचा तपशीलसुद्धा. प्रकरण केंद्रीय माहिती आयोग, मुंबई उच्च न्यायालय असं करत सर्वोच्च न्यायालयात गेलं. 3 ऑक्टोबर 2012 ला निकाल लागला. कर्मचाऱ्याचं कामकाज, मेमो, शिक्षा ही मालक आणि नोकर यांच्यातली बाब आहे, ती सेवा नियमांनी चालते, ती वैयक्तिक माहिती आहे. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय मिळणार नाही.

या निकालाबद्दल माझं मत सांगतो, तुम्हाला पटेल असं नाही. लग्नातला आहेर आणि लाच खाल्ल्याबद्दल झालेली शिक्षा या दोन गोष्टी एकाच टोपलीत घातल्या, ते चुकलं. लग्नातला आहेर बघायचा मला काही अधिकार नाही. पण ज्या अधिकाऱ्याला जनतेच्या पैशात गडबड केली म्हणून शिक्षा झाली, ती शिक्षा त्याची खासगी गोष्ट कशी? निकालानंतर राज्यभरातल्या माहिती अधिकाऱ्यांना एक तयार उत्तर सापडलं. ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ हे वाक्य इतकं चाललं की त्याचा रबरी शिक्का करून घेतला असता तरी परवडलं असतं.

आता ज्या बीडच्या प्रकरणासाठी हा भाग केला, ते सांगतो. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असेल. नाव मी घेणार नाही. नाव सगळीकडे छापून आलंय, त्या व्यक्तीनं स्वतः मुलाखतीही दिल्या आहेत, तरी घेणार नाही. आजच्या विषयात ते शोभत नाही.

2017 सालचा सप्टेंबर. बीड जिल्हा पोलीस दलातल्या एका शिपायानं रजेचा अर्ज केला. पोलिसानं रजा मागणं यात बातमी काय? पण अर्जात कारण लिहावं लागतं. कारण होतं लिंगबदलाची शस्त्रक्रिया. भरती महिला म्हणून झालेली, शस्त्रक्रियेनंतर पुरुष म्हणून त्याच नोकरीत राहायचं होतं. अर्ज पोलीस अधीक्षकांकडून वर गेला आणि नकार आला. महिला आणि पुरुष शिपायांचे भरतीचे निकष वेगळे, उंचीसुद्धा वेगळी, मग हे बसवायचं कसं? खात्याची अडचण नियमाच्या चौकटीत खरी होती, एवढं म्हणेन. त्या चौकटीत माणूस मावत नव्हता.

तारखा जरा शेजारी ठेवून बघा. त्याच्या काही आठवडेच आधी, 24 ऑगस्ट 2017 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपलं शरीर, आपली ओळख, हे आपलं. दिल्लीत हे छापून आलं आणि बीडात एका शिपायाला आपल्या शरीराचा वैद्यकीय अहवाल अर्जाला जोडावा लागला. न जोडून करणार काय? न जोडता रजा मागितली तर कारण अपुरं, आणि जोडली तर ती फाइल बीडपासून मुंबईपर्यंत किती टेबलांवरून जाणार याचा हिशोब करा. आवक-जावक नोंदवही, बारनिशी, आस्थापनेचा कारकून, कार्यालय अधीक्षक, गृह शाखा, महासंचालक कार्यालय, मंत्रालय. प्रत्येक ठिकाणी पाकीट उघडतं.

नोव्हेंबरात प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सांगितलं, हा सेवेचा वाद आहे, आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जा.

इथं थोडं थांबून न्यायाधिकरणाबद्दल सांगतो, म्हणजे ‘मॅट’बद्दल. आणीबाणीत 1976 साली 42 वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातून 323-अ कलम आलं, त्यावरून 1985 चा कायदा, आणि महाराष्ट्राचं मॅट 1991 साली सुरू झालं. राज्य सरकारी नोकरांनी आधी तिथं जायचं. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, अशी पीठं. बीडच्या तलाठ्याला, पोलिसाला, लिपिकाला औरंगाबादचं पीठ. सकाळच्या एसटीनं जायचं, तारीख पडली की रात्री परत. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मात्र मॅटमध्ये येत नाहीत, त्यांचं अपील विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे उच्च न्यायालयात. तर मॅटमध्ये अर्ज म्हणजे प्रतिज्ञापत्र, आणि प्रतिज्ञापत्र म्हणजे जोडपत्रं. सरकार उत्तर देतं तेव्हा आपली बाजू भक्कम करायला जुन्या सगळ्या गोष्टी जोडतं. वादाचा मुद्दा बदलीचा असतो आणि जोडपत्रात पंधरा वर्षांपूर्वीच्या आजारी रजेचं प्रमाणपत्र निघतं. कायद्याची कलमं खासगीपणा सांभाळत असतील, पण माणूस उघडा पडतो तो जोडपत्रात, असं माझं निरीक्षण आहे. ‘हा कागद या वादाला लागतो का?’ एवढं विचारून फाइल बांधणारा कारकून असेल तर अर्धं काम होतं. आणि निकाल लागला की तो संकेतस्थळावर, नावासकट. पूर्वी तो निकाल बघायला माणसाला औरंगाबादला जावं लागायचं, आता भावकीतला कुणीही मोबाइलवर नाव टाकून बघतो.

शिपायाच्या प्रकरणात तर निकालाचीही वाट कुणी बघितली नाही. वैद्यकीय चाचण्यांत काय निघालं हे वर्तमानपत्रांत आलं, टीव्हीवर आलं. ते काय होतं हे मी इथं सांगणार नाही, पण तेव्हा मराठी-इंग्रजी बातम्या वाचणाऱ्या कुणालाही ते माहीत झालं होतं. आपल्या रक्ताच्या चाचणीचा निकाल आपल्या माजलगाव-गेवराईच्या एसटीत बाजूचा माणूस वाचतोय, अशी कल्पना करा.

पण थांबा. गोष्ट एवढी सरळ नाही. ही प्रसिद्धी झाली नसती तर? तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं, गृह खात्यानं पुन्हा विचार केला, आणि मे 2018 मध्ये परवानगी आली. त्याच महिन्यात मुंबईत सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, पुढे तो शिपाई पुरुष म्हणून दलात राहिला. गुपचूप चाललेली फाइल गुपचूपच पडून राहिली असती, असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडू शकत नाही. खासगीपणा गमावला आणि नोकरी मिळाली. दोन्हीपैकी एकच मिळेल असा सौदा कुठल्याच नियमात लिहिलेला नव्हता, तरी व्यवहारात तोच झाला. आणि पुढे कित्येक वर्षं त्या घरातल्या सुखाच्या प्रसंगांच्याही बातम्या होत राहिल्या.

वेगळ्या रीतीनं हे होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि उदाहरण मुंबईचंच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 16 वं कलम आहे. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, साक्षीदार, कुणाचीच ओळख बाहेर जाता कामा नये, माहिती अधिकारातसुद्धा नाही. पण प्रकरण कोर्टात गेलं की नाव यायचंच. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका प्रकरणात पद्धतच घालून दिली. खटल्याचं नाव ‘पी विरुद्ध ए’. आदेशात नाव नाही, पत्ता नाही, ईमेल नाही, मोबाइल नाही. कोर्टाच्या कार्यालयानंही कागदावर ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही. सुनावणी आणि आदेश न्यायमूर्तींच्या दालनात. त्या आदेशावर टीकाही झाली, फारच बंदिस्त म्हणून, आणि त्या टीकेत तथ्य आहे. पण नावाऐवजी एक अक्षर लिहायला खर्च शून्य येतो, एवढं तरी सिद्ध झालं.

बीडचं आणखी एक प्रकरण सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, आणि हे मला उलट्या बाजूनं विचार करायला लावतं. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या. बदलीत काहींना प्राधान्य असतं, त्याला ‘विशेष संवर्ग’ म्हणतात. दिव्यांग, कर्करोग झालेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित. यादी हरकतींसाठी जाहीर होते, तिची पीडीएफ होते, पीडीएफ व्हॉट्सअॅपवर जाते. नावापुढे शाळा, शाळेपुढे संवर्ग. एखादी बाई गावात ‘नवरा नोकरीला बाहेरगावी असतो’ असं सांगून मानानं राहत असेल, तर एका दुपारी तिचं खरं काय ते तालुक्याला कळतं. वाईट आहे हे. पण त्याच बीडमध्ये 2022-23 च्या सुमारास याच सवलतीसाठी खोटी दिव्यांग प्रमाणपत्रं दिल्याच्या तक्रारी झाल्या. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासण्या झाल्या आणि पन्नासहून अधिक शिक्षक निलंबित झाले. तक्रारी करता आल्या त्या यादी उघडी होती म्हणून. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणत यादी झाकली असती तर धडधाकट माणूस सोयीच्या गावात आणि खरा अपंग शिक्षक डोंगरपट्ट्यातल्या वस्तीशाळेत, असं निमूट चालू राहिलं असतं. मग करायचं काय? संवर्गाचा क्रमांक उघडा ठेवा, आजाराचं नाव झाका, आणि तपासणी त्रयस्थ डॉक्टरांकडून करून घ्या. असं मला वाटतं. शिक्षक मित्र म्हणतात, यादीत एवढंच दिसलं तर हरकत कुठल्या आधारावर घ्यायची? त्यांचंही बरोबर आहे.

आणि आता तर कायदाच बदललाय. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. त्याच्या 44 व्या कलमानं माहिती अधिकारातलं ते 8(1)(ज) कापून एका ओळीचं केलं. वैयक्तिक माहिती असेल तर देणं बंधनकारक नाही. सार्वजनिक कामाशी संबंध, नाहक घाला, ‘विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही’ हे सगळे शब्द गेले. नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू आहे. व्यापक सार्वजनिक हिताचं कलम 8(2) शिल्लक आहे, पण ते वापरायचं की नाही हे पुन्हा कपाटाच्या किल्लीवाल्यानंच ठरवायचं. माझी भीती ही की यामुळे शिपायाचा वैद्यकीय कागद काही सुरक्षित होणार नाही, कारण तो माहिती अधिकारातून बाहेर गेलाच नव्हता. तो टेबलावरून गेला होता. सुरक्षित होईल ती साहेबाची चौकशीची फाइल.

काकांचं राहिलं. काका 2007 साली निवृत्त झाले, बढती न मिळताच. देव दत्तचा निकाल पेपरात वाचून 2009 साली त्यांनी आपल्याच सीआरसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला. 41 पानांचे 82 रुपये भरले आणि पाकीट आलं. तेव्हा त्यांना तीन वर्षांचे ब दिसले, आणि शेजारी साहेबांच्या अक्षरात, ‘काम चोख, स्वभाव हेकट’. काका हसले. काकू म्हणाल्या, यासाठी 82 रुपये? मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

पण पाकिटात एक पान दुसऱ्याचं होतं. झेरॉक्स काढणाऱ्याच्या घाईत आलेलं. काकांच्याच कचेरीतले एक सहकारी, दोन गल्ल्या सोडून राहणारे, रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर सोबत बसणारे. त्या पानावर त्यांच्या लांबलेल्या रजेचं कारण होतं, घरातलं, जे गावात कुणाला माहीत नव्हतं. काकांनी ते पान घडी करून खिशात घातलं आणि त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्या गृहस्थांनी उघडून पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “वाचलंस का?”

काका म्हणाले, “नाही. तुझं नाव दिसलं, तसाच घेऊन आलो.”

ते दोघं त्यानंतरही पारावर बसत राहिले. त्या पानावर काय होतं हे काकांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. वाचलं होतं, एवढं मात्र सांगितलं.